मालक, आधी मशीन बघा: छोट्या शेडमधल्या सुरक्षेचं काम कसं लावायचं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या शेडमध्ये अपघातानंतर जा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "त्येनं हात घातलाच कशाला?" मालक म्हणतो, सुपरवायझर म्हणतो, शेजारच्या शेडचा मालक चहाला येतो तोही म्हणतो. माझी उभी हयात मेंटेनन्सला गेली, आधी प्रेस शॉपमध्ये, मग फौंड्रीत. आता कुणी बोलावलं की शेड बघून देतो. त्या वाक्यावर मी एवढंच विचारतो, की मशीन चालू असताना हात आत जाईल एवढी फट ठेवली कुणी? ती काही कामगाराने ठेवलेली नसते.

हे लिहितोय ते दहा ते चाळीस माणसांच्या शेडसाठी. मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर असतो, कमिटी असते, ४ मार्चला सुरक्षा दिनाचं बॅनर लागतं आणि शपथ होते. तुमच्याकडे खरेदी, बँक, जीएसटी आणि अपघात, सगळ्याला माणूस एकच.

लायसनवर नाव कुणाचं?

कायद्याचं आधी उरकून घेऊ. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२०. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. वीज वापरून काम होत असेल आणि वीस माणसं असतील, तर तो कारखाना. विजेशिवाय असेल तर चाळीस. पण "आमच्याकडं एकोणीसच हायत" म्हणून कुणी निवांत बसू नये. दहा माणसं झाली की मालकाची कर्तव्यं लागू होतात. आणि मस्टरवर एकोणीस, मागच्या बाजूला ठेकेदाराचे सात, हा हिशेब अपघातानंतर कुणी ऐकून घेत नाही.

मुद्दा नावाचा आहे. कंपनी असेल तर संचालक आणि भागीदारी असेल तर भागीदार जबाबदार धरला जातो. आपल्याकडे कित्येक शेडचं लायसन अजून वडिलांच्या नावावर असतं. आबा गावी शेत बघतात, शेडमध्ये वर्षातून एकदा खंडेनवमीला नारळ फोडायला येतात, आणि नोटीस येते ती आबांच्या नावाने. मालकाने कर्तव्य पाळलं नाही म्हणून माणूस गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड, किंवा दोन्ही. तेव्हा शेड जो चालवतो त्याचंच नाव कागदावर असू द्या.

फेरी मारा, पण सुपरवायझरला घेऊन नको

पहिलं काम फेरीचं. सुपरवायझर बरोबर असला की पुढं पुढं जाऊन झाकण बसवत जातो. त्यापेक्षा मेंटेनन्सच्या पोराला घ्या, कारण कुठलं गार्ड काढून कोपऱ्यात टाकलंय ते त्यालाच माहीत असतं. दिवसपाळीत एक फेरी, रात्रपाळीत एक. रात्री दिवे कमी असतात, माणसं कमी असतात, डोळ्यावर झोप असते, आणि दिवसा दिसत नाहीत त्या सवयी दिसतात.

बघायचं काय? फिरतं कुठं, चिमटतं कुठं, गरम कुठं, वरून पडेल असं काय आहे, हवा कुठं कोंडते. पट्टा आणि पुली, चेन आणि गियर, शाफ्टचं बाहेर आलेलं टोक, ग्राइंडरचा दगड. ग्राइंडरवर जॉब टेकवायची पट्टी आणि दगड यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. दगड झिजत जातो, पट्टी मात्र कुणी पुढं सरकवत नाही, आणि एक दिवस जॉब त्या फटीत ओढला जातो.

एका मशीनपाशी खुर्ची टाकून बसा. काम सुरळीत चालू असतानाचं बघू नका, त्यात काही दिसत नाही. माल अडकतो तेव्हा माणूस काय करतो, सेटिंगला काय करतो आणि पाळी संपताना मशीन पुसतो कसं, ते बघा. बोटं जातात ती बहुतेक या वेळेला. चालत्या रोलवरून कापडाचा बोळा फिरवणारा माणूस तुम्हाला तुमच्याच शेडमध्ये सापडेल. त्याला रागावू नका. पाळी संपायच्या आधी पंधरा मिनिटं मशीन बंद करून पुसायला दिली आहेत का, ते स्वतःला विचारा.

प्रेसजवळ जरा थांबू

आपल्याकडच्या बऱ्याच बोटांचा हिशेब पॉवर प्रेसशी येतो, म्हणून यावर सविस्तर.

परवा एका शेडमध्ये बघितलं. प्रेसला दोन हातांची दोन बटणं, व्यवस्थित हिरवी. डावं बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून कायमचं दाबून ठेवलेलं. ट्यूबवर तेलाचा आणि धुळीचा थर होता, म्हणजे ती कालची नव्हती. मालक पोरावर ओरडायला लागले. पोराला मी बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "नगावर पैसं हायत काका. दोन्ही हात वर न्यायचं म्हंजे तासाला शे-दीडशे नग कमी पडत्यात."

आता हे बटण कुणी बांधलं? ज्याने नगावर पगार लावला त्याने. प्रेस, शिअर, रोल या मशीनवर नगावर पगार ठेवू नका. ठेवायचाच असेल तर दर असा धरा, की गार्ड लावून आरामात जेवढे नग निघतात तेवढ्यात पुरेशी हजेरी पडेल.

मग वायरिंग. प्रत्येक स्ट्रोकला दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकदमच दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वरून पडणारा ठोकळा, खाली यायलाच नको, अशी जोडणी करून घ्या. मग एक बटण बांधलं तर प्रेस उभीच राहते, ट्यूबचा उपयोगच संपतो. हे काम तुमचा इलेक्ट्रिशियन करू शकतो, त्यासाठीचा सेफ्टी रिले बाजारात मिळतो.

बरेच मालक म्हणतात, त्यापेक्षा लाइट कर्टन बसवतो, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा. चांगलं आहे, पण आधी प्रेसचा क्लच बघा. आपल्याकडच्या जुन्या सी-फ्रेम प्रेसना चावीचा क्लच असतो. एकदा चावी बसली की रॅम खाली जाऊन वर येईपर्यंत मध्ये थांबतच नाही. अशा प्रेसला लाइट कर्टन म्हणजे पैसे पाण्यात. हात दिसला तरी मशीन थांबणार कसं? तिथं डायच्या (साच्याच्या) भोवती पक्की जाळी पाहिजे, पट्टी सरकेल एवढीच फट ठेवून. एकेक जॉब हाताने ठेवायचा असेल तर चिमटा किंवा मॅग्नेट द्या, आणि जाळीचं दार उघडलं की रॅम पडणारच नाही अशी सोय करा. पायाचं पॅडल असेल तर त्याच्यावर वरून आणि बाजूंनी झाकण. डबा पॅडलवर पडून प्रेस चालल्याचं मी बघितलेलं आहे.

जुन्या प्रेसची आणखी एक खोड. क्लचची चावी झिजली, स्प्रिंग थकली किंवा ब्रेक ढिला झाला, की एकदा दाबल्यावर रॅम दोनदा पडतो. ऑपरेटरला हे चार दिवस आधी कळलेलं असतं. "मशीन कधीकधी डबल मारतंय" असं तो सुपरवायझरला बोललेला असतो, आणि "संध्याकाळी बघू" असं उत्तर मिळालेलं असतं. तुमच्या शेडपुरता एक नियम करून टाका: डबल मारलं की त्याच क्षणी प्रेस बंद, आणि ती बंद करायचा अधिकार ऑपरेटरचा. धोका दिसला तर तो मालकाला सांगायचा हक्क कामगाराला कायद्यानेच दिला आहे, आणि त्यावर लगेच पावलं उचलणं मालकावर बंधनकारक आहे. दर आठवड्याला ब्रेक आणि क्लच तपासा, वहीत सही घ्या.

डाय बदलताना मोटार बंद केली म्हणजे झालं असं नाही. फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, किती तरी वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबू द्या, रॅमखाली ठोकळा लावा, मगच हात घाला.

कुलूप

दुरुस्तीला माणूस आत शिरला आणि बाहेरून दुसऱ्याने स्विच मारला, ही गोष्ट प्रत्येक एमआयडीसीत एकदा तरी घडलेली असते. "बंद केलंय रे!" या आरोळीवर विसंबू नका. गोंगाटात ती ऐकूच येत नाही.

मेन आयसोलेटरला, म्हणजे मेन स्विचला, बहुधा कुलूप बसेल असं भोक असतं. साधं कुलूप घ्या, किल्ली एकच ठेवा. आत शिरणाऱ्याने ते स्वतः लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. दोघं शिरले तर दोन कुलपं. वर पाटी: "आत माणूस आहे", खाली नाव. ज्याने लावलं तोच काढणार, मालकाने सांगितलं तरी दुसरा कुणी काढणार नाही. हा शेवटचा भाग मालकांना झेपत नाही, कारण ऑर्डर अडकलेली असते. वीज गेली तरी हवेचा दाब आणि हायड्रॉलिकचं प्रेशर शिल्लक असतं, तेही सोडून द्या.

फौंड्रीवाल्यांसाठी

वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं की त्याची वाफ साधारण सोळाशे पट जागा मागते. वाटीभर पाणी पुरतं. म्हणून पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं स्क्रॅप सरळ भट्टीत टाकायचं नाही, शेडखाली आणून सुकवायचं. बंद पाइप, जुने शॉक ॲबसॉर्बर असलं काही स्क्रॅपमध्ये आलं तर बाजूला काढायचं, ते आतल्या आत फुटतं. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, आधी तापवून घ्यायची. ओतायच्या वाटेवर फरशी कोरडी पाहिजे, आणि त्या वाटेवर कुणाची सायकलही उभी नको.

कपडे सुती. टेरिकॉट आणि पॉलिस्टर अंगाला चिकटतं. बुटाला लेस नको. धातूचा थेंब लेसमध्ये अडकला तर बूट काढेपर्यंत पाय जळतो. ओढून काढता येतील असे बूट घ्या, वर पायाला चामड्याचं कव्हर.

आणि धूळ. शेकआउटला (साचा फोडताना) आणि फेटलिंगला (ओतीव माल साफ करताना) उडणारी वाळूची बारीक धूळ छातीत जाऊन बसते. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, पुन्हा बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही, मालकाचं समाधान तेवढं होतं. धूळ ओढून घेणारी डक्ट बसवा, झाडण्याआधी पाणी शिंपडा (ओतायची वाट सोडून), आणि एअरगनने अंग झटकायची सवय बंद करा. मास्क हे सगळं केल्यावर, आणि तोही नाकाशी नीट बसणारा.

हरिपूरची पेवं आणि तुमची ईटीपी टाकी

सांगलीकरांना हे निराळं सांगायला नको. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे. पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरत नसे. तोंड उघडं ठेवून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. बंद जागेतली हवा डोळ्याला दिसत नाही पण मारते, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. २००५ च्या महापुरात कित्येक पेवांत पाणी शिरून ती गेली, आणि त्यांच्याबरोबर ही शिस्तही गेली की काय असं मला वाटतं.

कारण आज ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीत, सेप्टिक टँकमध्ये, मळीच्या टाकीत माणूस सरळ उतरवला जातो. आत गाळ साठलेला असतो. गाळ हलवला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गॅस गेला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा.

इथं कंदील सोडू नका. पेवात तो चालत होता, कारण तिथं अडचण प्राणवायू कमी असण्याची होती. या टाक्यांत पेटणारा गॅस असतो, ज्योत नेली तर भडका. आणि विषारी गॅस असला तरी कंदील खुशाल जळत राहतो. इथं चार गॅसचा मीटर लागतो. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. मीटर दोरीने वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी सोडून बघायचा, कारण सगळे गॅस एकाच पातळीला बसत नाहीत. ब्लोअरने बाहेरची हवा आत सोडत राहायची. उतरणाऱ्याच्या अंगाला हार्नेस, दोरी बाहेर तिकाटण्याला, आणि वर एक माणूस फक्त त्याच्याकडे बघत उभा. त्या माणसाला चहा आणायला पाठवायचं नाही. आतला कोसळला तर दोरीने ओढायचं, उडी मारायची नाही, हे त्याच्याकडून आधी वदवून घ्या.

सेप्टिक टँकच्या बाबतीत तर माणूस उतरवूच नका, सक्शनची गाडी बोलवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं, हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

वीज, आणि पुराचं पाणी

पोर्टेबल ग्राइंडर, वेल्डिंग आणि टेबल फॅनच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. तो सारखा पडतो म्हणून बायपास करणारे इलेक्ट्रिशियन आहेत. पडतोय म्हणजे करंट कुठं तरी गळतोय, तो शोधायचा. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं.

कुपवाड उंचावर आहे, पण नदीकडच्या गोडाऊनवाल्यांनी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीवर लक्ष ठेवावं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. चाळीसच्या आधीच मेन बंद करून माणसं बाहेर काढा, मालाचं नंतर बघू. पाणी ओसरल्यावर मोटारी आणि पॅनल वाळवून, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासल्याशिवाय स्विच मारायचा नाही. आणि जनरेटर शेडच्या आत लावू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो माणूस नेतो.

माणसांचं

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मशीनवर बसवू नका. निदान आठवडाभर जुन्या माणसाजवळ ठेवा. मग त्याच्याकडून करून घ्या: बंद कसं करायचं, कुलूप कसं लावायचं, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. जतकडचा माणूस कन्नडमध्ये विचार करतो, बिहारचा भोजपुरीत. पाट्या मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लावा, चित्रासकट.

ठेकेदाराचा माणूस तुमच्या छताखाली पडला तर "तो ठेकेदाराचा" हे चालत नाही. पत्र्यावर चढवताना दोरी त्याने आणली नसेल तर तुमची द्या. सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, फळ्या टाकल्याशिवाय वर पाठवू नका.

बुटाचे, गॉगलचे, तपासणीचे पैसे पगारातून कापणं बंद करा. सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं, आणि ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी स्वखर्चाने करायची. जादा कामाला दुप्पट दराने पैसे. सलग दोन पाळ्या केलेला माणूस प्रेसवर नको, तो कितीही "जमतंय की" म्हणाला तरी.

दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचं नाव कामावर आला त्याच दिवशी घाला. अपघात झाल्यावर मागची तारीख टाकून नाव घालायची युक्ती मला सांगू नका, ती पकडली जाते आणि पोराचं नुकसान होतं ते वेगळंच.

झालंच तर

फर्स्टएडची पेटी कुलपात आणि किल्ली मालकाच्या गाडीत, हे मी किती शेडमध्ये बघितलं त्याला गणती नाही. पेटी उघडी, मशीनच्या जवळ, आणि प्रत्येक पाळीत एक शिकलेला माणूस.

बोट तुटलं तर माणसाची जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात वर ठेवा. तुटलेलं बोट शोधा. ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात नको, ते खराब होतं. मिरज दवाखान्यांचं गाव आहे, पण तुटलेलं बोट जोडणारा सर्जन कुठं बसतो आणि रात्री कुठं असतो, हे आजच विचारून नंबर भिंतीवर लिहा. अँब्युलन्स १०८, आग १०१.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. हळद सांगलीची असली तरी नाही. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद.

माणूस दवाखान्यात पोचला की मशीन जसं आहे तसं राहू द्या. फोटो काढा. गार्ड आता बसवून वर रंग मारू नका, ते निरीक्षकाला कळतं. मृत्यू झाला, किंवा माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला सूचना द्यावीच लागते. ईएसआयचा अपघात अहवाल त्याच दिवशी भरा, उशिराचा त्रास घरच्यांना होतो. त्याच्या घरी तुम्ही स्वतः जा, सुपरवायझरला पाठवू नका.

आणि त्या मशीनवर दुसरा माणूस बसवण्याआधी ती फट बंद झालेली असू द्या. ऑर्डरवाल्याला फोन करून दोन दिवस मागा. देतात.